हिंदी महासागर आणि त्याचे जिज्ञासु

हिंदी महासागराला आपल्या देशाचें नांव आहे. परंतु त्याच्या पाण्यांत कशाचा शोध घ्यावा, ह्याची वाटाघाट प्रथम झाली ती अमेरिकेंतील वुड्स होल नांवाच्या एका लहानशा बंदरगांवीं. सन १९५७ मध्यें तेथें निरनिराळ्या राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांची समिति बसली. तिनें तीन प्रश्न मुक्रर केले: अणुशक्तीचा विषारी कचरा खोल समुद्रांत टाकतां येईल काय, वाढत्या लोकसंख्येस समुद्रांतून प्रथिनयुक्त अन्न किती मिळेल, आणि हवामानाच्या फेरबदलांत समुद्राचा वांटा कोणता. ह्या प्रश्नांसाठीं सर्वांत अपरिचित असा महासागर निवडावयाचा, तेव्हां तो मान आपल्याकडे आला. १८७२ ते १८७६ पर्यंत पृथ्वीप्रदक्षिणा करणारें प्रसिद्ध 'चॅलेंजर' जहाजदेखील त्याच्या दक्षिणेकडच्या थंड भागांतूनच निघून गेलें होतें; अरबी समुद्र व बंगालचा उपसागर त्यानें पाहिलाच नाहीं.

१९५९ ते १९६५ ह्या काळांत सुमारें ४० जहाजांनीं केलेल्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचा उगम हा असा आहे. कागदोपत्रीं ती मोहीम एक होती; वस्तुतः एका निशाणाखालीं चारपांच मोहिमा चालल्या होत्या. सरकारांकडून पैसा मिळवावयाचा, तर भुकेचें नांव घ्यावें लागे. सभोंवारच्या देशांतील उपाशी जनतेस मासळी मिळेल, हें आश्वासन पुढें करण्यांत आलें. ह्यांत निव्वळ ढोंग होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु तें आश्वासन देणारे व जहाजावर प्रत्यक्ष काम करणारे हे बहुधा निराळे होते.

प्रवाहांचा अभ्यास करणाऱ्यांचें लक्ष अन्नाकडे नव्हतें. येथें वर्षांतून दोनदां वारा उलटतो आणि त्याबरोबर सोमालियाच्या किनाऱ्याचा प्रवाहही पाठ फिरवितो. वाऱ्यानें पाणी कसें चालतें हें पाहण्यासाठीं निसर्गानें मांडून ठेवलेला हा प्रयोगच होय. हेन्री स्टॉमेल ह्या विख्यात शास्त्रज्ञानें 'इंडियन ओशन बबल', म्हणजे हिंदी महासागराचा बुडबुडा, ह्या नांवाचें एक निनावी पत्रक काढलें. त्यांत मोहिमेच्या बेतांची थट्टाही होई आणि खरी चर्चाही होई. मोठ्या समितींच्या ठरावांपेक्षां अशा पत्रकांतून मतभेद अधिक स्पष्ट दिसतात, असा आमचा अनुभव आहे.

पर्जन्यशास्त्र्यांनीं आपलें ठाणें मुंबईस कुलाब्याला केलें. तेथें १९६३ पासून गणकयंत्राच्या साहाय्यानें मोसमी वाऱ्यांच्या नोंदींचा हिशेब चाले. जीवशास्त्र्यांचा आग्रह निराळाच होता. प्रत्येक राष्ट्राचें जाळें वेगळें असल्यास पकडलेल्या सूक्ष्म जीवांची तुलना कशी व्हावी? म्हणून एकाच मापाचें जाळें २०० मीटर खोलीपासून वर ओढावें असें ठरलें, आणि त्या बरण्या कोचीनला स्थापलेल्या केंद्रांत निवडीसाठीं जमूं लागल्या. आपल्या बाजूचीं सूत्रें डॉ. पणिक्कर ह्यांच्या हातीं होतीं व आपलें मुख्य जहाज 'किस्तना' ही नौदलाची युद्धनौका होती. अमेरिकेनें तर अध्यक्ष ट्रुमन ह्यांची जुनी विलासनौकाच 'अँतोन ब्रून' असें नवें नांव देऊन जीवशास्त्र्यांच्या हवालीं केली!

मोहिमेंतील सर्वांत मोठें फळ मात्र अन्नाच्या यादींतलें नव्हतें. १९६२ च्या अखेरीस 'ओवेन' ह्या ब्रिटिश जहाजानें अरबी समुद्राच्या तळाशीं असलेल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरील चुंबकत्वाची मोजदाद केली. (ह्या रांगेचें नांव डेन्मार्कच्या एका मद्याच्या कारखान्यावरून पडलें आहे, त्याच्या प्रतिष्ठानानें १९२८ ते १९३० च्या 'डाना' सफरीस द्रव्य पुरविलें होतें. द्रव्य देणाऱ्याचें नांव समुद्रतळींही कसें टिकतें पाहा!) त्या मोजदादीवरून व्हाइन व मॅथ्यूज ह्या दोघांनीं १९६३ मध्यें समुद्राचा तळ दुभंगून पसरत असल्याचा पुरावा मांडला. भूखंडें सरकतात ह्या वादास त्यामुळें अगदीं नवें वळण लागलें.

आणि भुकेलेल्यांचें काय झालें? 'वरुणा' हें मोहिमेंतील आणखी एक जहाज केरळांतील भारत-नॉर्वे मत्स्यप्रकल्पाचें होतें. त्या प्रकल्पाचा आरंभ १९५२ मध्यें गरीब कोळ्यांस यांत्रिक होड्या द्याव्या व स्थानिक लोकांस मासळी स्वस्त मिळावी ह्या हेतूनें झाला. पुढें तीच यंत्रें परदेशच्या ताटांसाठीं कोळंबीच्या मागें लागलीं. ह्याचा दोष शास्त्रज्ञांवर टाकणें अन्यायाचें होईल. पण मासे कोठें व केव्हां येतात हें पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या कोंकणांतील वा मलबारांतील नाखव्यास बोलावून 'तुला कशाचें उत्तर हवें आहे?' असें विचारल्याचें ह्या मोहिमेच्या वृत्तांतांत आम्हांस कोठेंही आढळलें नाहीं.

मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजीं आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. आज ती गोव्यांत दोनापावला येथें आहे. वुड्स होलची बैठक भरली तेव्हां तोच गोवा पोर्तुगिजांच्या अमलाखालीं होता. दुसऱ्या हिंदी महासागर मोहिमेचा आरंभ २०१५ च्या डिसेंबरांत ह्याच गोव्यांत झाला. ह्या वेळच्या यादींत मनुष्याच्या करणीचे समुद्रावर होणारे परिणाम हा विषय अग्रभागीं आहे. यादी मात्र पूर्वींप्रमाणेंच शास्त्रज्ञांनीं केली.