पशुखाद्यविषयक कायदे, यूरोपीय संघातील
जनावरांच्या खाद्याचे उत्पादन, साठवण, वाहतूक व विक्री यांचे नियमन करणारे कायदे. त्यांचे आजचे कडक स्वरूप दोन आपत्तींतून आले. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी गुरांना चारल्याने ब्रिटनमध्ये ‘मॅड काउ’ रोग फैलावला. तेथे १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना अशी प्रथिने देण्यावर बंदी आली. १९९९ मध्ये बेल्जियममध्ये खाद्याच्या चरबीत डायॉक्सिन आढळले. माणसाच्या अन्नाची सुरक्षितता गोठ्यातच सुरू होते, हे उशिरा का होईना, मान्य झाले. २००२ च्या मूलभूत अन्नकायद्याने पशुखाद्यालाही मागोवा ठेवण्याचे बंधन घातले : माल कोणाकडून घेतला व कोणाला दिला, याची नोंद प्रत्येक व्यावसायिकाला ठेवावी लागते. २००५ च्या स्वच्छताविषयक नियमाने उत्पादकांची नोंदणी सक्तीची केली.

विक्रीचे नियम २००९ च्या कायद्यात आहेत. मिश्रखाद्याच्या वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. वाढीसाठी प्रतिजैविके मिसळण्यास १ जानेवारी २००६ पासून मनाई आहे. दुभत्या जनावरांच्या मिश्रखाद्यात ॲफ्लाटॉक्सिन बी१ किलोमागे ०·००५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ही मर्यादा रास्तच आहे, कारण बुरशीचे हे विष रूपांतरित होऊन दुधात उतरते. पुढे संघभर इतर पाळीव जनावरांनाही लागू झालेली प्राणिज प्रथिनांवरील बंदी मात्र थोडी सैलावली असून २०२१ पासून डुकरांना कोंबड्यांपासूनची व कोंबड्यांना डुकरांपासूनची प्रथिने अटींसह देता येतात.