सोपाऱ्याचे सुबारा कसे झाले

आमच्या नववीच्या मुलांनी मागच्या वर्षी वस्तीचा नकाशा संगणकावर काढला. विहिरी, मशीद, मंदिर, नाला, कब्रस्तान, सगळ्यांची नावे मराठीत आणि उर्दूतही. काम क्यूजीआयएस या मोफत प्रोग्रामवर झाले. नकाशा एका कार्यालयात द्यायचा होता. तिथला प्रोग्राम वेगळा, म्हणून त्यांनी शेपफाइल मागितली. आम्ही फाइल बदलून दिली. त्यांच्या पडद्यावर कब्रस्तानची हद्द जागच्या जागी होती, पण नावाच्या ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हे. मुले हसली, मला हसू आले नाही. नाव नसलेली जागा कागदावर मोकळी जागा ठरायला वेळ लागत नाही.

हे दुखणे संगणकाच्या फार आधीचे आहे. अल-इद्रिसी या मुस्लिम भूगोलतज्ज्ञाने सिसिलीचा ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर याच्यासाठी जगाचा नकाशा केला आणि 1154 मध्ये त्यासोबतचा अरबी ग्रंथ पूर्ण केला. नकाशा चांदीच्या तबकडीवर कोरला होता आणि तोच ग्रंथासाठी 70 चौकोनी पानांवर उतरवला. तबकडी पुढे नाहीशी झाली, नकललेली पाने राहिली.

या ग्रंथात आपले कोकण आहे, पण ओळखू येईल तर शपथ! अरबीत प नाही, च नाही, ठ नाही. म्हणून सोपाऱ्याचे सुबारा झाले, चौलचे सैमूर, ठाण्याचे ताना. लिहिणाऱ्याची चूक नव्हती, लिपीत ते घरच नव्हते. पुढे फारसीने पे, चे आणि उर्दूने टे ही अक्षरे घडवली ती याच गरजेतून.

नंतरची गफलत मोठी. 1592 मध्ये रोममध्ये ग्रंथाचा संक्षेप छापला गेला, त्यावर लेखकाचे नाव नव्हते. 1619 मध्ये पॅरिसला लॅटिन तर्जुमा निघाला. भाषांतरकारांना वाटले, लेखक नुबियाचा असावा, आणि ग्रंथाचे नाव पडले ‘नुबियाचा भूगोल’. मजकूर पोहोचला, मालक बदलला. 1928 मध्ये जर्मन अभ्यासक कोनराड मिलर याने ती 70 पाने जोडून एक नकाशा केला, पण लॅटिन अक्षरांत. मूळ नकाशात दक्षिण वर असते, म्हणून सवय नसलेल्या माणसाला भूमध्य समुद्र चटकन ओळखू येत नाही.

1987 मध्ये अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात एक जीआयएस प्रोग्राम तयार झाला. त्याचे नाव ठेवले ‘इद्रिसी’. (आता तो टेरसेट या नावाने ओळखला जातो.) त्याच्या रास्टर फाइलीचे दोन भाग असत. एकात नुसते आकडे, दुसऱ्यात त्या आकड्यांचा अर्थ, म्हणजे किती ओळी, किती रकाने, जमिनीवर कुठे. पहिल्याचे शेपूट आयएमजी, दुसऱ्याचे डॉक. दुसरी फाइल वर्डमध्ये उघडू पाहणारे किती झाले असतील! आयएमजी हे शेपूट अर्डास नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामनेही वापरले, पण आतली मांडणी अगदी निराळी. ओळी मोजण्याची तऱ्हाही सर्वत्र एक नाही. कुणी उत्तरेकडून पहिली ओळ लिहितो, सर्फरसारखा प्रोग्राम दक्षिणेकडून. वाचणाऱ्याने हे ध्यानात घेतले नाही तर नकाशा उलटा पडतो, इद्रिसीच्या नकाशासारखा.

या गोंधळात शेपफाइल ही सर्वांची बोली झाली. एसरी कंपनीने 1998 मध्ये तिची रचना जाहीर केली, त्यामुळे कुणालाही ती वाचता-लिहिता येऊ लागली. पण तिच्या पोटात जुन्या डीबेसचा तक्ता आहे. त्यात रकान्याच्या नावाला फक्त 10 बाइट मिळतात. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे एक अक्षरचिन्ह 3 बाइट खाते, उर्दूचे 2. म्हणजे मराठीला तीन चिन्हे, उर्दूला पाच. ‘विहीर’ मावत नाही, कारण काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. शिवाय लिपी कोणती हे सांगणारी सीपीजी ही चिमुकली फाइल वाटेत हरवली की मजकुराची रया जाते. आमचे तेच झाले होते.

1998 च्याच अखेरीस फ्रँक वॉर्मरडॅम या कॅनेडियन प्रोग्रामरने जीडीएएल हे दुभाषी सॉफ्टवेअर लिहायला घेतले. आज शेकडोंनी फाइलप्रकार ते जाणते, क्यूजीआयएसही त्याच्याच जिवावर फाइली उघडते. पण दुभाष्या कितीही वस्ताद असला तरी ज्या भाषेत शब्दच नाही तिथे तो काय करणार?

व्हेक्टरचे रास्टर करताना हे सर्वांत जास्त बोचते. व्हेक्टर म्हणजे बिंदू आणि रेषा, रास्टर म्हणजे चौकोनांची जाळी. चौकोन 30 मीटरचा घेतला तर एकेकात 900 चौरस मीटर जमीन आणि एकच आकडा. आमचा नाला जेमतेम चार पावलांचा. रूपांतरात तो काही ठिकाणी तुटला, काही ठिकाणी 30 मीटर रुंद झाला. मग ते रास्टर पुन्हा व्हेक्टर करून पाहिले. नाल्याचा काठ जिन्याच्या पायऱ्यांसारखा निघाला.

शेवटी आम्ही जिओपॅकेजमध्ये दिले. 2014 साली मान्य झालेला हा प्रकार एकाच फाइलीत सगळे ठेवतो आणि त्यात लिपीची अडचण नाही. कार्यालयाला तरीही शेपफाइल हवीच होती, म्हणून सीपीजीसकट दिली, रकान्यांची नावे रोमन ठेवून. मुलांची मूळ फाइल शाळेच्या संगणकावर आहे, तिच्यात ‘कब्रस्तान’ दोन्ही लिप्यांत पूर्ण लिहिलेले आहे.