कादंबरीचा परिचय आणि विद्यार्थ्याचा विवेक

‘वाचलेल्या एखाद्या कादंबरीचा परिचय करून द्या’ असे विद्यार्थ्यांस सांगितले, की त्यांच्या लेखनाचे साधारणतः दोन भाग पडतात. पहिल्यात कथानक आरंभापासून शेवटपर्यंत सांगितलेले असते. दुसऱ्यात ‘या कादंबरीपासून आपणांस अमुक बोध मिळतो’ असे एखादे वाक्य असते. ग्रंथाची परीक्षा मात्र या दोहोंच्या मध्ये कोठेतरी राहून जाते. हा दोष केवळ विद्यार्थ्यांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. आमच्या कादंबरीच्या प्रारंभकाळी तिच्याकडे पाहण्याची जी दृष्टी रूढ झाली, तिचाच हा वारसा होय.

बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. विधवांच्या दुःस्थितीचे निरूपण हा त्याचा उघड हेतू होता आणि कथा त्या हेतूच्या सेवेस लावलेली होती. पुढे लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांत अद्भुताला प्राधान्य मिळाले. आपल्या लोकांच्या नित्याच्या आयुष्यात मन वेधून घेण्याजोगे फारसे काही नसल्यामुळे अद्भुताचा आश्रय करावा लागतो, अशा आशयाचे समर्थन रिसबुडांनी प्रस्तावनेत केले. एकीकडे बोध, दुसरीकडे करमणूक, अशी ही वाटणी होती. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांविषयी निबंध लिहिला, तेव्हा या वाङ्मयप्रकाराची तात्त्विक चर्चा आमच्याकडे सुरू झाली. विद्यार्थ्याचे कथासार त्या करमणुकीचे व त्याचे शेवटचे वाक्य त्या बोधाचे वंशज आहे. मराठ्यांच्या चर्चेचा वारसा मात्र वर्गापर्यंत पोहोचलेला नाही.

हा वारसा वर्गात कसा आणावा, याचा विचार करताना आम्ही मुद्दाम पलसाण्याकडे वळतो. सुरत जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. सुरतेत व तिच्या परिसरात कापडधंद्याच्या निमित्ताने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने वसली आहेत. अशा घरातल्या मुलास गुजराती व मराठी या दोन्ही भाषांचा सहज शेजार लाभतो. गुजराती कादंबरीचा आरंभ म्हणून जिचा निर्देश होतो, ती ‘करणघेलो’ याच सुरतेत जन्मली. तिचे कर्ते नंदशंकर तुळजाशंकर मेहता सुरतेच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक होते. शिक्षणखात्यातील रसेल नामक अधिकाऱ्याच्या सूचनेवरून त्यांनी ती लिहिली व १८६६ साली ती प्रसिद्ध झाली. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी त्यानंतर पाच वर्षांनी, १८७१ साली आली.

‘करणघेलो’ म्हणजे वेडा करण. पाटणचा शेवटचा वाघेला राजा करण आपला मंत्री माधव याची पत्नी रूपसुंदरी हिचे हरण करतो. अपमानित माधव दिल्लीस जाऊन अलाउद्दीन खिलजीची फौज आणतो आणि राज्य बुडते. पुढे करण बागलाणात आश्रय घेतो आणि त्याच्या मुलीचा, देवळदेवीचा, संबंध देवगिरीच्या यादव राजपुत्राशी जुळतो. म्हणजे पाटणची ही कथा महाराष्ट्राच्या उंबरठ्यापर्यंत येते.

येथवर झाले ते कथासार. त्यास पाच-सहा वाक्ये पुरेत. परिचयाचा खरा आरंभ यापुढे होतो. विद्यार्थ्याने विचारावे : राज्य बुडण्याचे कारण लेखकाने कोणते मानले? राजाची विषयासक्ती. इतिहास तेवढ्यावर थांबतो काय? अलाउद्दीनने सुलतान होण्यापूर्वीच १२९६ साली देवगिरीवर स्वारी करून अपार संपत्ती नेली होती. तेथे कोणा माधवाचे निमंत्रण नव्हते. पद्मनाभाच्या ‘कान्हडदे प्रबंध’ (१४५५) या काव्यातही माधवाच्या सूडाची कथा आहे, परंतु तेथे राजाने नेलेली स्त्री माधवाच्या भावाची, केशवाची, पत्नी आहे. भावजयीऐवजी स्वतःची पत्नी असली म्हणजे माधवाविषयीची आपली सहानुभूती किती पालटते! आपला अपमान झाला म्हणून परक्या फौजेस वाट दाखवणारा हा मनुष्य अपराधी की पीडित, हे लेखक आपल्याला कसे सुचवतो? आणि जिच्यासाठी हे सारे घडते, त्या रूपसुंदरीचे मन त्याने किती उलगडून दाखवले आहे?

या प्रश्नांची उत्तरे शोधताना विद्यार्थ्यास पुस्तकाकडे परत जावे लागते, एखादा प्रसंग पुन्हा वाचावा लागतो, आपल्या मतास त्यातला आधार द्यावा लागतो. ‘पापाचे फळ वाईट’ हे वाक्य कादंबरी न वाचताही लिहिता येते. माधवाविषयीचा निर्णय मात्र ती वाचल्यावाचून देता येत नाही. हीच परिचयाची कसोटी होय. ‘मोचनगड’ असो वा आजची एखादी कादंबरी असो, कसोटी बदलत नाही. विचारावयाचे प्रश्न तेवढे त्या त्या पुस्तकातून निघतात.

शिक्षकबंधूंस आमची एवढीच विनंती आहे, की कथासार बिनचूक उतरले म्हणून पूर्ण गुण देऊ नयेत आणि विद्यार्थ्याचे मत आपल्या मताहून वेगळे पडले म्हणून ते कापू नयेत. आधार दिला आहे की नाही, एवढेच पाहावे. अनेक मुलांच्या आयुष्यात स्वतःचा निर्णय लेखी मांडण्याची आणि तो पुराव्याने राखण्याची ही पहिलीच संधी असते. ती पाठ केलेल्या बोधवाक्यात दवडली, तर पुढे मोठ्या वयात ती सवय लावणे फार कठीण जाते.