ड्रमरसमोर ती पारदर्शक काच कशासाठी असते?

यूट्यूबवर मोठ्या कॉन्सर्टचा व्हिडिओ बघताना हे तुमच्याही लक्षात आलं असेल. गायक, गिटारवाला, कीबोर्डवाला सगळे स्टेजवर मोकळे असतात, आणि ड्रमर मात्र काचेच्या खोक्यात बसलेला असतो. खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारतंच, 'याला कोंडून का ठेवलंय?' काठी निसटून कुणाला लागू नये म्हणून, असं उत्तरही एखादा ठोकून देतो. खरं कारण वेगळंच आहे. त्याचा संबंध ड्रमपेक्षा गायकाच्या माइकशी जास्त आहे.

आधी ती वस्तू काय आहे ते बघू. दिसायला काच, पण असतं ॲक्रिलिक. दुकानांच्या चमकत्या पाट्या ज्या शीटपासून बनतात, तेच. काचेच्या साधारण निम्म्या वजनाचं असतं आणि तडकलं तरी काचेसारखा चुरा होत नाही. पाच-साडेपाच फूट उंचीच्या शीट्स बिजागऱ्यांनी जोडतात, म्हणजे कार्यक्रम संपला की घडी करून टेम्पोत टाकता येतात. याला ड्रम शील्ड म्हणतात. पारदर्शक यासाठी, की ड्रमरला गायकाचा इशारा दिसला पाहिजे आणि प्रेक्षकांना ड्रमर.

माइकला गायक आणि ड्रम यातला फरक कळत नाही

गिटारचा आवाज कमी करायला बटण असतं. ड्रमला नसतं. स्नेअरवर जोरात काठी बसली की वादकाच्या कानापाशी आवाज १०० डेसिबलच्या सहज पुढे जातो. झांजा (सिंबल) तर त्याहून जास्त टोचतात.

आता गायक कसा उभा असतो ते आठवा. तोंड प्रेक्षकांकडे, हातातला माइक स्वतःच्या तोंडाकडे. स्टेजवरचे बहुतेक माइक समोरचा आवाज जास्त घेतात आणि मागचा कमी. पण या माइकच्या समोर कोण आहे? गायक, आणि बरोबर त्याच्या पाठीमागे ड्रम! म्हणजे गायकाचा माइक ड्रमवरच रोखलेला असतो. साउंडवाल्याने गायकाचा आवाज वाढवला की झांजाही वाढतात. साउंडवाले याला 'ब्लीड' म्हणतात.

यात आणखी एक गोम आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ड्रमपासून गायक साडेतीन मीटरवर असेल, तर ड्रमचा तोच ठोका गायकाच्या माइकमध्ये सुमारे १० मिलिसेकंद उशिरा पोचतो. ड्रमच्या स्वतःच्या माइकमधला ठोका आणि हा उशिराचा ठोका एकमेकांत मिसळले की आवाज फिसकटतो, अस्पष्ट होतो. शील्डमुळे हा उशिराचा ठोका बराच दबतो, आणि गायक व ड्रम पुन्हा वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. शील्ड लावायचं ते एवढ्यासाठी. ड्रम गप्प करणं हा हेतू नसतो.

माळेगावच्या यात्रेत चालतं, सभागृहात अडतं

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि परत फिरून येत नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत हलगी कितीही कडाडली तरी ती हवेत विरून जाते. नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह किंवा लातूरचं दयानंद सभागृह अशा बंद जागेत तसं होत नाही. तिथे भिंती आणि छत आवाज परत फेकतात. हॉल जितका लहान, तितका स्पीकर न लावताच ड्रम सगळ्यांच्या डोक्यावर बसतो, आणि बाकीच्यांना त्याच्याशी स्पर्धा करावी लागते. गॅदरिंगमध्ये गायकाचे शब्द कळत नाहीत, आणि शिव्या साउंडवाल्याला पडतात.

शील्डलाही मर्यादा आहे. ५००० हर्ट्झच्या झांजेच्या आवाजाची एक लाट जेमतेम ७ सेंटिमीटरची असते. ती शीटवर आदळून मागे फिरते. १०० हर्ट्झच्या आसपासच्या मोठ्या ड्रमच्या 'धम्म'ची लाट मात्र जवळपास साडेतीन मीटर लांब असते. पाच फुटांच्या भिंतीला ती सरळ वळसा घालून जाते. म्हणून शील्डमुळे खणखणाट कमी होतो, धमाका फारसा नाही.

आणि मागे फिरलेला आवाज जातो कुठे? ड्रमरच्याच कानात. नुसती शीट उभी केली तर त्याच्यासाठी परिस्थिती उलट बिघडते. म्हणून ड्रमरच्या मागे आणि वर आवाज शोषणारं काहीतरी लागतं. बाहेर त्यासाठी फोमचे पॅनल मिळतात. आपल्याकडे जाड पडदे किंवा तीन-चार गोधड्या लटकवल्या तरी झांजांना चांगला फरक पडतो.

प्रश्न कानांचाही आहे

अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशोब साधा आहे: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी. या हिशोबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. तुमच्या कॉलेजच्या बँडची तालीम किती वेळ चालते, ते तुम्हीच बघा. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये २०१२ साली तालमीच्या वेळी एका व्हायोला वादकाच्या मागे ट्रम्पेटवाले बसले होते. तिथे आवाजाने १३० डेसिबलचं टोक ओलांडलं आणि त्याचे कान कायमचे बिघडले. २०१८ मध्ये कोर्टाने निकाल त्याच्या बाजूने दिला. मोठ्या वाद्यवृंदांत पुढच्या वादकांच्या डोक्यामागे छोट्या पारदर्शक पाट्या दिसतात, त्या याच कारणाने.

मग आपल्या भागातल्या ऑर्केस्ट्रात ही काच जवळजवळ दिसत नाही, ती का? कारण तिथे ड्रमची जागा ऑक्टापॅडने घेतली. रोलंड कंपनीने १९८५ मध्ये पहिला ऑक्टापॅड आणला. आठ रबरी पॅड, आणि आवाज फक्त वायरमधून. नेण्या-आणण्याची कटकट नाही आणि ब्लीडही जवळपास शून्य. खऱ्या ड्रमची मजा त्यात नाही हे खरं, पण लग्नाच्या हॉलसाठी तो व्यवहारी तोडगा आहे.

खरा ड्रमच हवा असेल आणि शील्डचं बजेट नसेल, तरी काही गोष्टी फुकट करता येतात. ड्रम गायकाच्या थेट मागे न ठेवता बाजूला सरकवा. स्नेअरवर रुमाल टाका. गायकाला माइक तोंडाशी धरायला सांगा. १० सेंटिमीटरवरून ५ वर आणला तर त्याचा आवाज माइकमध्ये सुमारे ६ डेसिबलने वाढतो, ड्रमचा मात्र तेवढाच राहतो.

आणि हे सगळं मोबाइलवर शूट करणार असाल तर स्टेजला चिकटून उभे राहू नका. तिथे फोनच्या माइकला झेपणार नाही इतका आवाज येतो, आणि व्हिडिओत फक्त फाटलेला खरखराट उरतो. साउंडवाल्याचा मिक्सर जिथे आहे, त्याच्या शेजारी उभे राहा. तो सगळा आवाज तिथूनच ऐकून जुळवत असतो.