गोल चकती आणि सपाट नकाशा

म्हैसूरच्या कुवेंपुनगरात निवृत्तीनंतर स्थिरावल्यापासून एक छंद जडला आहे. 'कल्पना-1'ची जुनी हवामान-चित्रे मी संगणकावर उलगडत बसतो. 2002 साली सुटलेल्या या उपग्रहाचे नियंत्रण येथून जवळच्याच हासनहून होत असे. 74 अंश पूर्व रेखांशावर, 35,786 किलोमीटर उंचीवरून टिपलेले चित्र म्हणजे पृथ्वीची गोल चकती. कडेचे प्रदेश चेपलेले. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी 1998 साली आरंभिलेल्या 'जीडाल' या मुक्त प्रणालीला आज्ञेच्या ओळीत ही उंची व रेखांश सांगितले, की प्रत्येक ठिपका आपल्या जागी जाऊन बसतो. मग त्यावर तालुक्यांच्या सीमा आखता येतात. प्रशासकाला ढग नको असतो, तालुका हवा असतो!

मात्र हा नकाशा फसवतोही. 26 जुलै 2005 रोजीच्या अतिवृष्टीत चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, कुलाब्याला अवघा 73. 'कल्पना-1'चा अवरक्त ठिपका आठ किलोमीटरांचा. म्हणजे ही दोन ठिकाणे जेमतेम तीन ठिपके दूर. शिवाय तिरक्या नजरेमुळे उंच ढगाचा माथा काही किलोमीटर उत्तरेला सरकून दिसतो; ती चूक या आज्ञेने सुधारत नाही. सेवेत असताना मीही असे सुबक नकाशे बैठकांत बोट ठेवून दाखवले आहेत, पर्जन्यमापकाचा आकडा न विचारता.