देहातील कात्री

कच्च्या पपईचा गर लावून ठेवलेले मटण लवकर शिजते, ही गोष्ट आमच्या नांदेडकडच्या स्वयंपाकघरात कोणी कोणाला शिकवावी लागत नाही. हैदराबादच्या दस्तरखानाशी आमचे नाते जुने. त्या नात्यातून आलेल्या अनेक युक्त्यांपैकी ही एक. गर चोळणाऱ्या हातांना त्यामागचे रसायन विचारावेसे कधी वाटले नाही, आणि रसायन ठाऊक नसल्याने रश्श्याची चवही कधी बिघडली नाही. पण शास्त्र असे सांगते की पपईच्या चिकात एक पदार्थ असतो आणि तो मांसातील प्रथिनांचे लांब धागे कात्रीने कापावेत तसे कापून टाकतो. त्याचे नाव पपेन. प्रथिने तोडणाऱ्या अशा साऱ्या विकरांना पाश्चात्त्यांनी प्रोटिएज हे नाव दिले. आपण त्यांना कात्र्याच म्हणू.

सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. परंतु ह्या कात्र्यांचा इतिहास युरोप-अमेरिकेच्या प्रयोगशाळांतून निघून मुंबईमार्गे थेट आमच्या मराठवाड्याच्या काळ्या मातीत येऊन पोहोचतो, आणि तेथे तो आपल्या आयाबहिणींच्या जिवाचा प्रश्न होतो. म्हणून फराळाचे ताट जरा बाजूला सारून तो ऐकावा, एवढीच विनंती.

१८३६ साली थिओडोर श्वान ह्या जर्मन संशोधकाने जठरातील रसातून अन्न विरघळवणारा एक पदार्थ वेगळा काढला आणि त्याला पेप्सिन म्हटले. त्या काळी कात्र्यांचे काम म्हणजे पचन, एवढेच माहीत होते. पुढे उमगले की रक्त गोठणे, गोठलेले रक्त पुन्हा विरघळणे, जखम भरून येणे ही सारी कामे अशाच कात्र्या करतात. १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर ह्या दोघांनी एक साधाच प्रश्न विचारला. पहिल्या पावसानंतर डबक्यात वळवळणाऱ्या बेडकाच्या पिल्लाला शेपटी असते, आणि बेडूक होताना ती नाहीशी होते. ती जाते कोठे? ती तुटून पडत नाही, ती जागच्या जागी विरते. आपले शरीर कोलॅजेन नावाच्या चिवट तंतूंनी बाजेच्या सुंभासारखे विणून काढलेले आहे, आणि हे सुंभ उकलणारी कात्री त्यांना त्या शेपटीत सापडली. माणसाच्या देहातही तिच्या बहिणी निघाल्या. २००१ साली मानवी जनुकांचा आराखडा हाती आल्यावर मोजदाद झाली, तेव्हा वीस हजारांच्या आसपास जनुकांपैकी साडेपाचशेहून अधिक जनुके केवळ ह्या कात्र्या घडवण्याच्या कामी लागलेली आढळली. निसर्गाने एवढा मोठा कारखाना उगाच उभारला नसणार.

आता कात्री ही वस्तू कोणाच्या हातात आहे यावर तिचे गुणदोष ठरतात. शिंप्याच्या हातात ती अंगरखा देते, खिसेकापूच्या हातात खिसा रिकामा करते. आपल्या शरीरात प्रत्येक अवयवाच्या अस्तराखाली एक पातळ, पण घट्ट पडदा असतो. शेताच्या बांधावरचे कुंपणच ते. कर्करोगाची पेशी जोवर ह्या कुंपणाच्या आत आहे तोवर शल्यवैद्याचे काम सोपे असते. १९८० च्या सुमारास लान्स लिओटा ह्या अमेरिकी संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पसरण्याची खोड असलेल्या गाठींजवळ हे कुंपण कापणाऱ्या कात्र्या असतात. वाट कापून झाली की पेशी रक्तात शिरते आणि यकृतात, फुप्फुसात, हाडांत नवे ठाणे मांडते. घरच्याच कात्रीने घरच्याच कुंपणाला भगदाड पडते.

पण कात्री बोथट झाली तरी संकट टळत नाही. टाटा स्मारक रुग्णालय मुंबईत २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. मुखाच्या कर्करोगाचे ओळीने एक हजार रुग्ण तपासून त्याचा अभ्यास त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. तंबाखू ओढणे व चघळणे आणि घशा-तोंडाचा कर्करोग यांचे नाते सांगणारा निबंध त्यांनी संघवी आणि राव यांच्यासह १९५५ साली लिहिला. ह्याच सुमारास, १९५३ साली, मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी एका चमत्कारिक दुखण्याचे वर्णन केले. गालांच्या आतले अस्तर पांढरे, ताठ होत जाते. तोंड उघडेनासे होते, शेवटी घास जाणेही कठीण होते. ह्या रोगाच्या मुळाशी सुपारी आहे, हे पुढे सिद्ध झाले. सुपारीतील द्रव्ये एकीकडे कोलॅजेनचे तंतू वाढवतात आणि दुसरीकडे त्या तंतूंना असे कमावतात की देहाची कात्री त्यांच्यावर चालत नाही. जुने सुंभ उकलले जात नाही, नवे विणले जातेच. अशा ताठरलेल्या तोंडात कर्करोगाचे भय पुष्कळ वाढते. महाराष्ट्रातील १,०१,७६१ खेडुतांची तोंडे घरोघर जाऊन तपासणारी डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांची पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. गुटख्यावर राज्याने बंदी घातली ती २०१२ साली. मधल्या चाळीस वर्षांत किती पुड्या फाटल्या असतील, ते ज्याचे त्याने मोजावे.

खानोलकरांच्या हाताखाली पुण्याची एक मुलगी शिकली. कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे. १९४९ साली डॉक्टरेट मिळवून त्या पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात वाढवण्याची विद्या त्यांनी आणली आणि मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्या विद्येची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. ह्याच गायसाहेबांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी वाढू लागल्या. ती त्याच वर्षी, एकतीस वर्षांची असताना वारली; तिला किंवा तिच्या घरच्यांना न विचारता ठेवून घेतलेल्या त्या पेशी मात्र आजही जगभर वाढत आहेत. तिचा रोग होता गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. आणि नेमका हाच रोग आमच्या खेड्यांतील बायकांचा पिढ्यानपिढ्यांचा वैरी आहे.

ह्या रोगातील कात्रीचे कपट सर्वांत खोल. प्रत्येक पेशीत निकामी प्रथिने भुसकट करणारे एक यंत्र असते. नळीच्या आकाराच्या ह्या यंत्राच्या आत कात्र्या बसवलेल्या असतात. त्याला प्रोटिएसोम म्हणतात. मोडीत काढायच्या प्रथिनाला आधी एक चिठ्ठी लागते आणि मगच ते नळीत ओढले जाते. ही चिठ्ठीची रीत शोधून काढल्याबद्दल सिचॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता, पेशीत पी-५३ नावाचे एक राखणदार प्रथिन असते. पेशीच्या जनुकांत बिघाड झाला की ते तिची वाढ थांबवते, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर तिला मरण पत्करायला लावते. जर्मनीचे हॅराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये ह्या कर्करोगात एचपीव्ही विषाणूच्या १६ आणि १८ क्रमांकाच्या जाती ओळखल्या. त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. १९९० साली कळले की ह्या विषाणूचे ई-६ नावाचे प्रथिन पेशीतील एका कारकुनाला हाताशी धरते आणि राखणदाराच्याच पाठीवर मोडीची चिठ्ठी डकवते. यंत्र बिचारे हुकमाचे ताबेदार! ते राखणदाराचा चुरा करते. दरवाजा उघडा पडतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी त्या घरात कर्करोग शिरतो.

ही दहा-पंधरा वर्षे महत्त्वाची. तेवढ्या अवधीत कोणी दारावर येऊन पाहिले तर अनर्थ टळतो. पण आमच्याकडे पाहणार कोण? बाईने दुखणे अंगावर काढायचे, पांढरे जाते हे नवऱ्यालाही सांगायचे नाही, सुगी होऊ दे, पोरीचे लग्न होऊ दे, मग बघू, अशी आमची रीत. मोठे इस्पितळ म्हणजे हैदराबाद नाही तर मुंबई.

१९८२ साली बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभे राहिले. डॉ. भगवान नेने हे त्याचे प्राण. १९८७ साली तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली; बार्शीबरोबर मराठवाड्यातील परांडा आणि भूम हे तालुकेही तिच्या वहीत आले. कोणत्या गावी कोणाला कोणता कर्करोग झाला, हे प्रथमच अक्षरात उतरू लागले, आणि बायकांच्या रकान्यात गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांवर वरचढ निघाला.

मग ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा प्रयोग सुरू झाला. लातूर हा १९८२ पर्यंत ह्याच जिल्ह्याचा भाग; किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा सहाच वर्षे झाली होती. बार्शीचे रुग्णालय, टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यांत आल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे चार भाग झाले. एका भागात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगरमधील आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीची व्यवस्था. बोलावलेल्या बायकांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के आल्या. आमच्या बायका लाजतात, येत नाहीत, ह्या समजुतीला एवढे उत्तर पुरे आहे. कोणी घरी जाऊन नीट सांगणारे भेटले की त्या येतात.

आठ वर्षांचा हिशेब २००९ साली प्रसिद्ध झाला. विषाणूची तपासणी झालेल्या भागातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ह्या रोगाने ३४ दगावल्या. नेहमीच्या व्यवस्थेतील ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदा केलेल्या एका तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले. इतर दोन पद्धतींना तसे निश्चित यश दिसले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तिशीपासून पाच ते दहा वर्षांनी एकदा विषाणूची तपासणी करावी अशी शिफारस केली; त्या शिफारशीच्या पायात आमच्या ह्या गावांचे दगड आहेत.

मात्र त्या ६४ जणींवरून घाईने पुढे जाणे बरे नव्हे. रोग आधी हुडकता येतो हे ठाऊक असताना चौथ्या भागाला तपासणीवाचून का ठेवले, असा प्रश्न पुढे नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी उपस्थित केला. करणारे म्हणाले, त्या मुलखात तपासणी मुळात कोणालाच मिळत नव्हती. तुलनेवाचून कोणती पद्धत उपयोगी हे कळले नसते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मला एवढेच वाटते की जे ज्ञान आज जग वापरते, त्याची किंमत भूम-परांड्याकडच्या घरांनीही भरली आहे. बाल्टिमोरच्या त्या एका बाईचे नाव जगाला ठाऊक झाले. ह्या ६४ जणींची नावे त्यांच्या घरातल्यांनाच ठाऊक आहेत.

कात्र्यांची कथा अजून संपलेली नाही. प्रोटिएसोमच्या कात्र्या अडवून धरणारे बोर्टेझोमिब हे औषध २००३ पासून अस्थिमज्जेच्या एका कर्करोगावर वापरात आहे. विषाणूला उंबऱ्यावरच रोखणारी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आणि २०२२ साली तिला परवाना मिळाला. ती ९ ते १४ वर्षांच्या मुलींना द्यावी, असे वैद्य सांगतात. आणि ज्यांचे ते वय मागे पडले त्यांनी तिशीनंतर तपासून घ्यावे.

शाळेत मी पाहतो, मुलींच्या आया पोरीच्या वहीचा, पुस्तकाचा, दिवाळीच्या परकराचा हिशेब तोंडपाठ सांगतात. स्वतःच्या दुखण्याचा हिशेब त्यांच्या वहीत कधीच नसतो. भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात काय घालावे, याचा भावांनी विचार चालवलाच असेल, तर बहिणीला एकदा दवाखान्यात घेऊन जाण्याचा शब्दही त्यात घालावा. साडी तिला आवडेलच. पण हा शब्द पाळला गेला, तर पुढच्या पुष्कळ भाऊबीजांना ओवाळायला ती असेल.