राब : फांदीवरचा हक्क

१/ ठाणे-कुलाब्याचा भातशेतकरी उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर रचून ते भाजत असे. हाच राब.

२/ राखेतून पोटॅश आणि चुना मातीत उतरतो, धगीने तणाचे बी मरते. नत्र मात्र धुरासोबत निघून जाते.

३/ १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट सरकारी मेहेरबानी ठरली. वनखात्याला राबात जंगलाचा नाश दिसे. शेतकऱ्याला फांदीवाचून रोप दिसत नसे.

४/ असंतोष इतका वाढला, की १८८५ मध्ये मुंबई सरकारने वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ चा.

५/ कृषिरसायनतज्ज्ञ व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालात देशभरचे दुखणे सांगितले : सरपण नाही, म्हणून शेण चुलीत जाते आणि शेत उपाशी राहते. सरपण-वैरणीची राने राखा, हा त्यांचा उपाय.

६/ आज बागेत पडलेले झाड न जाळता शेणखतासह मातीत कुजवले, तर ते ओल धरते आणि हळूहळू खत होते. परंतु त्यासाठी आधी लाकूड आपले असावे लागते. राबाचा तंटा नेमका हाच होता.